लाउडन काउंटी : १,७८,७०७ डॉलरची फोड

अमेरिकेच्या जनगणना विभागाने २०१९ ते २०२३ या पाच वर्षांच्या सर्वेक्षणातून काढलेले लाउडन काउंटीचे मध्यक कौटुंबिक उत्पन्न १,७८,७०७ डॉलर आहे. संपूर्ण देशाचा त्याच काळातला आकडा ७८,५३८ डॉलर. मध्यक म्हणजे निम्मी कुटुंबे ज्याच्या वर आणि निम्मी ज्याच्या खाली, असा मधला आकडा. लाउडनचे मधले कुटुंब देशातल्या मधल्या कुटुंबाच्या सव्वादोन पट कमावते. व्हर्जिनिया राज्यातली ही काउंटी अनेक वर्षे देशाच्या उत्पन्नयादीत सर्वांत वर आहे.

आधीच्या आवृत्तीत, म्हणजे २०१८ ते २०२२ या काळासाठी, लाउडनचा आकडा १,७०,४६३ होता. वाढ ४.८ टक्के. देशाचा आकडा ७५,१४९ वरून ७८,५३८ वर गेला, म्हणजे वाढ ४.५ टक्के. दोन्ही आवृत्त्यांतली चार वर्षे सामाईक आहेत आणि प्रत्येक आकडा आपापल्या शेवटच्या वर्षाच्या डॉलरमध्ये मांडलेला आहे, त्यामुळे या वाढीत महागाईचा वाटा मोठा आहे. लाउडन देशापेक्षा श्रीमंत आहे, पण देशापेक्षा फार वेगाने श्रीमंत होत आहे असे या दोन आवृत्त्यांतून दिसत नाही. तिथे जाण्याचा विचार करणाऱ्याने हा फरक आधी ध्यानात घ्यावा.

वॉशिंग्टनच्या वायव्येला पसरलेल्या या काउंटीचे जमिनीचे क्षेत्रफळ सुमारे १,३३६ चौरस किलोमीटर आहे, मुंबई शहर आणि उपनगर यांच्या एकत्रित क्षेत्राच्या दुपटीहून अधिक. लोकसंख्या मात्र २०२०च्या जनगणनेत ४,२०,९५९. त्यात आशियाई वंशाचे लोक सुमारे २१ टक्के, आणि अॅशबर्न, ब्रॅम्बल्टन, साउथ रायडिंग या वस्त्यांत भारतीय कुटुंबांची संख्या लक्षणीय आहे. २०२४ साली या भागातून अमेरिकी काँग्रेसवर निवडून आलेले सुहास सुब्रमण्यम भारतीय वंशाचे आहेत. वॉशिंग्टन परिसरात मराठी कला मंडळ कार्यरत आहे. पुण्यातून, हैदराबादहून किंवा न्यू जर्सीहून बदली घेऊ पाहणाऱ्या कुटुंबांत लाउडनचे नाव हमखास निघते आणि बोलणे बहुतेक वेळा उत्पन्नाच्या आकड्याने सुरू होऊन शाळांवर संपते. या दोहोंच्या मधले आकडे कमी पाहिले जातात. घर घ्यायचे की नाही हे ठरते ते तिथेच.

आधी उत्पन्न. हा आकडा कुटुंबाचा आहे, माणसाचा नाही. लाउडनमध्ये एका घरात सरासरी सुमारे ३ माणसे राहतात, देशात अडीच. १,७८,७०७ ला ३ ने भागले की ५९,५६९ येतात आणि ७८,५३८ ला अडीचने भागले की ३१,४१५. भागाकार ढोबळ आहे, पण सव्वादोन पटीचे अंतर १.९ पटीवर येते. जवळच्या अर्लिंग्टन काउंटीशी तुलना केली तर चित्र उलटे होते. २०१८ ते २०२२ या काळात अर्लिंग्टनचे मध्यक कौटुंबिक उत्पन्न १,३७,३८७ होते, लाउडनपेक्षा ३३ हजारांनी कमी. दरडोई उत्पन्नात मात्र अर्लिंग्टन लाउडनच्या पुढे आहे. अर्लिंग्टनमध्ये एकट्याने राहणारे तरुण पगारदार जास्त आहेत, लाउडनमध्ये दोन पगार आणि दोन मुले असलेली घरे जास्त. दोघांनी मिळून १,७८,७०७ कमवायचे तर प्रत्येकी सुमारे ८९,३५० डॉलर पुरतात. वॉशिंग्टन परिसरातल्या सॉफ्टवेअर अभियंत्याला हा पगार मोठा वाटणार नाही. म्हणून हा आकडा वाचताना पहिला प्रश्न असा विचारावा : आपल्या घरात पगार किती जणांचे येणार? जोडीदाराला कामाचा परवाना नसेल तर लाउडनच्या खर्चात आपण एकट्याच्या पगारावर उतरतो आहोत, हे गृहीत धरून पुढचे आकडे वाचावे लागतात.

लोकसंख्येचा इतिहास घरांच्या बाजाराचा आधार आहे. १९९० साली लाउडनमध्ये ८६,१२९ लोक होते. २००० साली १,६९,५९९, म्हणजे दहा वर्षांत ९७ टक्के वाढ. २०१० साली ३,१२,३११, वाढ ८४ टक्के. २०२० साली ४,२०,९५९, वाढ ३५ टक्के. त्यानंतरच्या सरकारी अंदाजांत आकडा ४ लाख ४० हजारांच्या आसपास आहे, म्हणजे चार वर्षांत सुमारे ५ टक्के. तीस वर्षांत जवळपास पाचपट झालेली काउंटी आता देशातल्या इतर उपनगरांच्या चालीने वाढते आहे. ज्या काळात घर घेतलेल्यांच्या गोष्टी आपल्या कानावर येतात, त्या काळाचा वेग आज नाही.

वेग मंदावण्याचे एक कारण जमीन आहे. काउंटीने जून २०१९ मध्ये मंजूर केलेल्या आराखड्यात पश्चिमेचा मोठा पट्टा ग्रामीण म्हणून राखला आहे. तिथे शेते, घोड्यांचे तबेले आणि द्राक्षमळे आहेत, दाट वस्तीला परवानगी नाही. पूर्वेला डलस विमानतळ आहे, आणि विमानांच्या आवाजाच्या ठरावीक मर्यादेपलीकडच्या पट्ट्यात घरे बांधता येत नाहीत. उरलेल्या जमिनीसाठी घरबांधणीला एका वेगळ्या ग्राहकाशी स्पर्धा करावी लागते. त्या ग्राहकाकडे पुढे येऊ.

२०२४ मध्ये लाउडनमध्ये विकल्या गेलेल्या घरांची मध्यक किंमत ७ लाख डॉलरच्या वर होती. हिशेबासाठी ७,५०,००० चे घर घेऊ. २० टक्के रक्कम, म्हणजे १,५०,००० डॉलर, आधी भरली आणि ६,००,००० चे कर्ज ३० वर्षांसाठी घेतले. जानेवारी २०२१ मध्ये अशा कर्जाचा देशातला सरासरी व्याजदर २.६५ टक्क्यांवर उतरला होता, तो नीचांक. त्या दराने महिन्याचा हप्ता २,४१८ डॉलर. ऑक्टोबर २०२३ मध्ये दर ७.७९ टक्के झाला. त्या दराने हप्ता ४,३१५ डॉलर. घर तेच, कर्ज तेच, हप्ता ७८ टक्क्यांनी जास्त. २०२५ मध्ये दर बहुतेक काळ ६ ते ७ टक्क्यांदरम्यान राहिला. साडेसहा टक्क्यांनी हप्ता ३,७९२ डॉलर होतो.

हप्त्यात मालमत्ता कर मिळवायचा. २०२५चा लाउडनचा दर १०० डॉलर मूल्यांकनामागे ८०.५ सेंट आहे, म्हणजे ७,५०,००० च्या घरावर वर्षाला ६,०३७ डॉलर, महिन्याला ५०३. विमा आणि वसाहतीच्या रहिवासी संघटनेचे शुल्क मिळून महिन्याला २५० डॉलर धरू. एकूण ४,५४५ डॉलर महिना, ५४,५४० डॉलर वर्ष. लाउडनच्या मधल्या कुटुंबाच्या उत्पन्नाशी हे प्रमाण ३०.५ टक्के पडते. अमेरिकेत कर्ज देताना घराचा खर्च ढोबळ उत्पन्नाच्या २८ टक्क्यांत बसावा असा जुना ठोकताळा आहे. त्या ठोकताळ्यात बसायला वार्षिक उत्पन्न १,९४,८०० डॉलर हवे. देशातल्या सर्वांत जास्त उत्पन्नाच्या काउंटीतले मधले कुटुंब आपल्याच काउंटीतले हे घर आज या नियमाने घेऊ शकत नाही. १६ हजार डॉलर कमी पडतात.

२०२१चा व्याजदर असता तर हेच प्रमाण २१.३ टक्के आले असते. ज्यांनी तेव्हा कर्ज घेतले ते आज घर सोडत नाहीत, कारण नव्या घरासाठी दुप्पट-अडीचपट व्याजदर द्यावा लागेल. विक्रीला येणारी घरे कमी राहतात, म्हणून मागणी मंदावूनही किमती फारशा खाली येत नाहीत. एकाच गल्लीत, एकाच नमुन्याच्या दोन घरांत राहणाऱ्या दोन कुटुंबांचा मासिक खर्च १,३०० ते १,९०० डॉलरने वेगळा असू शकतो, आणि हा फरक पगारामुळे नाही, कर्जावरच्या तारखेमुळे पडतो. आधी आलेल्या मित्राच्या घरखर्चावरून आपला अंदाज बांधू नये, ते याच कारणासाठी.

आता कराचा दर. लाउडनची जाहिरात करणाऱ्या प्रत्येक माहितीपत्रकात तो असतो आणि आकडा खरा आहे. शेजारच्या फेअरफॅक्स काउंटीचा २०२५चा मूळ दर १०० डॉलरमागे ११२.२५ सेंट आहे. ७,५०,००० च्या घरावर तिथे ८,४१९ डॉलर भरावे लागतात. लाउडनमध्ये त्याहून २,३८१ डॉलर कमी, महिन्याला जवळपास २००. लीसबर्गसारख्या नगरात घर असेल तर नगराचा कर वेगळा, म्हणून पत्ता पाहूनच हिशेब करावा.

दराचा प्रवास असा आहे. २००७ मध्ये ९६ सेंट. २०१० मध्ये १३० सेंट. २०१५ मध्ये ११३.५. २०२० मध्ये १०३.५. २०२२ मध्ये ८९. २०२४ मध्ये ८६.५ आणि २०२५ मध्ये ८०.५. पहिल्या तीन वर्षांत दर ३५ टक्क्यांनी चढला, नंतरच्या पंधरा वर्षांत ३८ टक्क्यांनी उतरला. २००७ ते २०१० या काळात घरांच्या किमती कोसळल्या होत्या. काउंटीला शाळा आणि पोलीस चालवायचे होतेच, म्हणून कमी झालेल्या मूल्यांकनावर जास्त दर लावला गेला. किमती वाढल्या की दर उतरतो, किमती पडल्या की चढतो. उतरता दर दाखवून कर कमी झाला असे सांगितले जाते, तेव्हा मूल्यांकन किती वाढले ते विचारावे. २०२१चा दर ९८ सेंट होता. तेव्हा एखाद्या घराचे मूल्यांकन ५,५०,००० असेल तर कर ५,३९० डॉलर. आज त्याचे मूल्यांकन ७,५०,००० असेल तर कर ६,०३७. दर १८ टक्क्यांनी घटला आणि बिल १२ टक्क्यांनी वाढले. या चार वर्षांत ज्या घराचे मूल्यांकन पावणेबावीस टक्क्यांपेक्षा जास्त वाढले, त्याचे बिल वाढले.

तरीही फेअरफॅक्स आणि लाउडन यांच्यातला ३२ सेंटचा फरक केवळ मूल्यांकनाने सुटत नाही. हा फरक घरमालकांच्या वतीने दुसरे कोणीतरी भरते आहे. ते म्हणजे डेटा सेंटर, जमिनीसाठी घरबांधणीशी स्पर्धा करणारा तो वेगळा ग्राहक.

१९९०च्या दशकात एओएल ही इंटरनेट कंपनी आपले मुख्यालय डलसला घेऊन आली आणि त्याच दशकाच्या अखेरीस अॅशबर्नमध्ये इंटरनेट वाहिन्या एकमेकींना जोडणारी केंद्रे उभी राहिली. फायबर एकदा जमिनीत गेले की पुढचा ग्राहक त्याच्याशेजारी येतो. २०२२ पर्यंत लाउडनमध्ये अडीच कोटी चौरस फूट डेटा सेंटर चालू होती, आता इमारतींची संख्या २०० च्या आसपास आहे. व्हर्जिनिया विधिमंडळाच्या लेखापरीक्षण व आढावा आयोगाने डिसेंबर २०२४ मध्ये दिलेल्या अहवालानुसार जगातल्या डेटा सेंटर क्षमतेपैकी १३ टक्के क्षमता एकट्या उत्तर व्हर्जिनियात आहे, आणि तिचा गाभा लाउडन आहे. त्याच अहवालात म्हटले आहे की डेटा सेंटर असलेल्या पाच प्रमुख स्थानिक संस्थांच्या महसुलात या उद्योगाचा वाटा १ टक्क्यापेक्षा कमी ते ३१ टक्के इतका आहे. वरचे टोक लाउडनचे. स्थानिक तिजोरीतल्या दर १०० डॉलरपैकी ३१ डॉलर एकाच उद्योगाचे. काउंटीचा आर्थिक विकास विभाग सांगतो की डेटा सेंटरला दिलेल्या सेवांवर खर्च झालेल्या दर १ डॉलरमागे २६ डॉलर कर परत येतो. कारण उघड आहे : सर्व्हर शाळेत जात नाहीत.

हा कर मुख्यतः इमारतीवर नाही, इमारतीतल्या संगणकांवर आहे, आणि त्याचे गणित घरमालकाने समजून घेतलेच पाहिजे. संगणक सामग्रीचे करयोग्य मूल्य पहिल्या वर्षी खरेदी किमतीच्या ५० टक्के धरले जाते, मग दरवर्षी ४०, ३०, २० आणि १० टक्के. २०२३ मध्ये त्यावरचा दर १०० डॉलरमागे ४.१५ डॉलर होता. १० कोटी डॉलरची सामग्री बसवली तर पहिल्या वर्षी कर २०.७५ लाख डॉलर, दुसऱ्या वर्षी १६.६ लाख, तिसऱ्या वर्षी १२.४५ लाख, चौथ्या वर्षी ८.३ लाख, पाचव्या वर्षी ४.१५ लाख. पाच वर्षांत उत्पन्न पाचव्या हिश्श्यावर येते. घसाऱ्याने होणारी ही घट भरून काढायची तर सामग्री सतत बदलत राहायला हवी किंवा नव्या इमारती येत राहायला हव्यात. सामग्री कधी बदलायची हे काउंटी ठरवत नाही, कंपन्या ठरवतात. २०२१ मध्ये याचा अनुभव आला. डेटा सेंटरकडून अपेक्षित धरलेल्या करात सुमारे ६ कोटी डॉलरची तूट निघाली. एकही इमारत बंद पडली नव्हती. अंदाज आणि प्रत्यक्ष खरेदी यांचा मेळ बसला नव्हता, एवढेच.

नोकऱ्यांच्या बाजूने पाहिले तर प्रमाण बदलते. आयोगाच्या अहवालानुसार अडीच लाख चौरस फुटांच्या नेहमीच्या डेटा सेंटरमध्ये सुमारे ५० पूर्णवेळ माणसे काम करतात आणि त्यांपैकी निम्मी कंत्राटी असतात. बांधकाम भरात असताना तिथे १,५०० पर्यंत माणसे असतात. २०० इमारतींना ५० ने गुणले तर १० हजार. ४ लाख ४० हजारांच्या काउंटीत महसुलाचा ३१ टक्के वाटा देणारा उद्योग चालू अवस्थेत साधारण एवढ्याच माणसांना काम देतो. राज्यभरात या उद्योगामुळे ७४ हजार नोकऱ्या टिकतात असे आयोग म्हणतो, पण त्यांतला मोठा भाग बांधकामाच्या टप्प्यातला आहे. ‘डेटा सेंटरची राजधानी, म्हणजे आयटीत नोकऱ्या भरपूर’ हे अनुमान चुकीचे आहे. लाउडनमधल्या आयटीवाल्यांचे पगार प्रामुख्याने वॉशिंग्टनच्या सरकारी कंत्राटांतून, बँकांतून, सल्लागार कंपन्यांतून आणि क्लाउड कंपन्यांच्या कार्यालयांतून येतात, आणि त्यांतली बरीच कार्यालये फेअरफॅक्समध्ये आहेत.

आणखी एक विसंगती राज्य आणि काउंटी यांच्या हिशेबात आहे. व्हर्जिनिया राज्य डेटा सेंटरच्या सामग्रीवर विक्रीकर माफ करते. २०२३ या आर्थिक वर्षात या माफीची किंमत ९२.८ कोटी डॉलर होती. ती मुख्यतः राज्याच्या तिजोरीने सोसली. मालमत्ता कराचा लाभ काउंटीला झाला. लाउडनचा ८०.५ सेंटचा दर काही अंशी या सवलतीवर उभा आहे, आणि ती चालू ठेवायची की नाही हे रिचमंडमधले राज्य विधिमंडळ ठरवते. तिथे लाउडनची मते थोडी आहेत.

जमिनीच्या किमतीतही हे दिसते. डेटा सेंटरसाठी योग्य जमीन लाउडनमध्ये एकरी २० लाख डॉलरच्या वर विकली गेली आहे. एका एकरात दहा रो-हाउस बसवली तर प्रत्येक घरामागे जमिनीचेच २ लाख डॉलर होतात, वीट लागण्याआधी. एवढी किंमत घरबांधणीला परवडत नाही, डेटा सेंटरला परवडते. ज्या उद्योगाने घरमालकाचा कर कमी ठेवला, त्यानेच घरासाठी मिळू शकणारी जमीन महाग केली. आधीपासून घर असलेल्याला दोन्ही बाजूंनी फायदा, नव्याने येणाऱ्याला एका बाजूने फायदा आणि दुसऱ्या बाजूने तोटा. महिन्याला २०० डॉलर कर वाचतो हे खरे, पण ते २०० डॉलर साडेसहा टक्के दराने ३० वर्षांत जेमतेम ३१ हजार ६०० डॉलरचे कर्ज फेडतात. घर तेवढ्याहून जास्त महाग पडले तर करातली बचत हप्त्यात गेली. मार्च २०२५ मध्ये काउंटी मंडळाने डेटा सेंटरला नियमात बसले की आपोआप मिळणारी परवानगी बंद केली. आता प्रत्येक प्रस्ताव सुनावणीला येतो. नव्या इमारतींचा वेग कमी झाला तर घसाऱ्याच्या तक्त्यातली घट भरून काढणे अवघड होईल, आणि उरलेला भार घरांच्या करावर येईल. तो किती येईल याचे उत्तर प्रत्येक वसंतात ठरणाऱ्या दरात मिळेल.

विजेचे आकडे याहून ताजे आहेत. जुलै २०२२ मध्ये डॉमिनियन एनर्जी या वीज कंपनीने पूर्व लाउडनमधल्या नव्या डेटा सेंटरना वाहिन्यांच्या क्षमतेअभावी जोडणी देता येत नसल्याचे कळवले. वीज होती, ती वाहून आणणाऱ्या तारा पुरेशा नव्हत्या. तेव्हापासून ५०० किलोव्होल्टच्या नव्या वाहिन्यांची कामे आणि त्यांवरचे वाद चालू आहेत, कारण त्यांचे मार्ग वस्त्यांजवळून जातात. या भागाच्या वीजजाळ्याचे संचालन करणाऱ्या पीजेएम संस्थेच्या लिलावात वीजक्षमता राखून ठेवण्याचा भाव २०२४-२५ साठी दिवसाला प्रति मेगावॅट २८.९२ डॉलर होता. २०२५-२६ साठी तो २६९.९२ झाला, नऊपटीहून जास्त. डॉमिनियनच्या क्षेत्रात तर ४४४.२६ डॉलर. घरगुती बिलात ही वाढ जशीच्या तशी उतरत नाही, कारण क्षमतेचा खर्च बिलाचा एक भाग आहे. पण दिशा स्पष्ट आहे. राज्याच्या नियामक आयोगाने २५ मेगावॅट आणि त्यावरील ग्राहकांसाठी २०२७ पासून वेगळा दरगट मंजूर केला आहे, मोठ्या ग्राहकांसाठी केलेला खर्च घरगुती ग्राहकांवर पडू नये म्हणून. घर पाहायला जाताना स्वयंपाकघराआधी दोन नकाशे पाहावेत : नियोजित उच्चदाब वाहिन्यांचा आणि विमानतळाच्या आवाजाच्या पट्ट्याचा. दोन्ही सार्वजनिक आहेत.

राहण्याच्या सोयींचे आकडे बहुतांशी लाउडनच्या बाजूने आहेत. सार्वजनिक शाळांत सुमारे ८२ हजार विद्यार्थी आहेत. राज्यातला हा तिसरा मोठा शाळासमूह, आणि काउंटीच्या स्थानिक करातला निम्म्याहून अधिक पैसा तिकडे जातो. काही वर्षे हा आकडा वाढलेला नाही, त्यामुळे वीस वर्षांपूर्वीसारखी दरवर्षी नव्या शाळेच्या हद्दी आखण्याची वेळ कमी येते. ज्यांना शाळा पाहून घर घ्यायचे आहे त्यांच्यासाठी ही स्थिरता मोलाची आहे. त्याआधीच्या वयाचा खर्च मात्र मोठा. बाळाच्या पाळणाघराला महिन्याला दीड-दोन हजार डॉलर लागणे इथे नेहमीचे आहे. दोन हजार धरले तर वर्षाला २४ हजार, मध्यक उत्पन्नाच्या १३.४ टक्के. घराच्या ३०.५ टक्क्यांत ते मिळवले की करपूर्व उत्पन्नातले ४४ टक्के दोन बाबींत संपतात. व्हर्जिनियाचा आयकर १७ हजारांवरच्या उत्पन्नाला ५.७५ टक्के आहे. गाडीवरही दरवर्षी मालमत्ता कर असतो. २०२३ मध्ये त्याचा दर संगणकांइतकाच, १०० डॉलरमागे ४.१५ डॉलर होता. ३० हजारांच्या गाडीवर १,२४५ डॉलर, त्यातून राज्याची थोडी सूट वजा. टेक्सासहून किंवा न्यू जर्सीहून येणाऱ्यांच्या हिशेबात ही ओळ बहुधा नसते.

मेट्रो १५ नोव्हेंबर २०२२ ला लाउडनमध्ये पोहोचली. सिल्व्हर लाइनच्या दुसऱ्या टप्प्यातल्या सहा स्थानकांपैकी तीन या काउंटीत आहेत : डलस विमानतळ, लाउडन गेटवे आणि अॅशबर्न. अॅशबर्नहून वॉशिंग्टनच्या मध्यभागी जायला तासाहून थोडा जास्त वेळ लागतो. रेल्वेभाड्याची कमाल मर्यादा ६.७५ डॉलर, म्हणजे महिन्यात वीस दिवस जायचे तर २७० डॉलर. गाडीने जायचे तर १४ मैलांचा डलस ग्रीनवे हा रस्ता खासगी आहे, त्याचा टोल एका फेरीला ५ डॉलरच्या वर जाऊ शकतो आणि पुढे दुसऱ्या टोल रस्त्याचे पैसे वेगळे. घरून काम करणाऱ्याला हा खर्च शून्य. म्हणून २०२०-२१ मध्ये लाउडनचे अंतर स्वस्त झाले होते आणि कार्यालये पुन्हा भरू लागल्यावर ते पुन्हा महाग झाले.

त्यात २०२५ची भर. केंद्र सरकारने नोकरकपात केली, कंत्राटे रद्द केली आणि १ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर या ४३ दिवसांत सरकारी कामकाज निधीअभावी बंद राहिले, तोवरचा सर्वांत मोठा काळ. लाउडनमधल्या ज्या घरात दोन पगार आहेत, त्यांतला एक तरी सरकारशी थेट किंवा कंत्राटाने जोडलेला असण्याची शक्यता देशातल्या इतर उपनगरांपेक्षा बरीच जास्त आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये एच-१बी या कामाच्या व्हिसाच्या नव्या अर्जांवर १ लाख डॉलरचे शुल्क जाहीर झाले. २०२४ या आर्थिक वर्षात मंजूर एच-१बी अर्जांपैकी ७१ टक्के भारतात जन्मलेल्यांचे होते. म्हणजे भारतातून थेट येणाऱ्या अभियंत्यामागे कंपनीचा खर्च जवळपास एका वर्षाच्या पगाराइतका वाढला. लाउडनच्या घरबाजारातला एक ठरलेला खरेदीदार यामुळे कमी होईल.

एच-१बीवर असलेल्या माणसाची नोकरी गेली तर देशात राहायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. या अटीसकट घराचा हिशेब करून पाहू. ७,५०,००० चे घर, साडेसहा टक्के दर, ३,७९२ डॉलरचा हप्ता. दोन वर्षांत ९१ हजार डॉलर भरले जातात. त्यांतले मुद्दल फिटते १३,८६२ डॉलर, बाकी व्याज. दोन वर्षांनी त्याच किमतीला घर विकावे लागले आणि दलाली व इतर विक्रीखर्च मिळून ६ टक्के, म्हणजे ४५ हजार गेले, तर कर्ज फेडून हातात १,१८,८६२ डॉलर उरतात. सुरुवातीला घातले होते १,५०,०००. घरखरेदीच्या वेळचा कायदेशीर खर्च यात धरलेला नाही. याच काळात भाड्याने राहिले तर दोन हजार डॉलरच्या वर महिना जातो, पण दीड लाख डॉलर आपल्याकडे राहतात आणि त्यांवर व्याजही मिळते. घर सात-आठ वर्षे ठेवायची खात्री असेल तर हे गणित बदलते. ती खात्री ग्रीन कार्ड हातात असलेल्यांना देता येते. भारतीय अर्जदारांच्या रांगेत उभे असलेल्याने पहिली दोन वर्षे अॅशबर्नमध्ये भाड्याने राहावे, मूल शाळेत घालावे आणि दोन एप्रिलमधले कराचे दर ठरताना पाहावेत, असे माझे मत आहे.